‘डिव्हॉल्व्ह’ म्हणजे नक्की काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास भाषांतराचं काम करणाऱ्याला हे इंग्रजी क्रियापद टाळता येत नाही. वारसाच्या दाव्यात ते असतं, महापालिकेच्या ठरावात असतं, बँकेच्या नोटिशीत असतं आणि स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तर असतंच. विचारणारे वेगवेगळे असतात: वकिलांकडचे कारकून, सोसायटीचे सेक्रेटरी, घंटाळीतल्या अभ्यासिकेत बसणारी मुलं. प्रश्न मात्र बरेचसे तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

एका वाक्यात अर्थ सांगता येईल का?

दोन वाक्यं लागतील. अधिकार, मालमत्ता, काम किंवा देणं एकाकडून दुसऱ्याकडे येतं, बहुतेकदा वरून खाली किंवा आधीच्याकडून नंतरच्याकडे, हा पहिला अर्थ. एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने घसरत वाईट अवस्थेला जाते, हा दुसरा.

दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले आहेत. लॅटिनमध्ये ‘डे’ म्हणजे खाली आणि ‘व्होल्व्हेरे’ म्हणजे लोळणं, गडगडणं. रिव्हॉल्व्ह, इव्हॉल्व्ह, इन्व्हॉल्व्ह हे शब्दही त्याच धातूपासून निघाले. उतारावरून गडगडत आलेली वस्तू खाली उभ्या असलेल्याच्या हातात पडते, नाहीतर चिखलात जाते. हातात पडली की पहिला अर्थ, चिखलात गेली की दुसरा.

उच्चार कसा करायचा?

क्रियापद ‘डिव्हॉल्व्ह’, जोर ‘व्हॉ’वर. नामाचा उच्चार ब्रिटिश लोक ‘डीव्हलूशन’च्या जवळपास करतात आणि अमेरिकन ‘डेव्हलूशन’. आपल्याकडे ‘डिव्होल्यूशन’ रुळलं आहे, ते चालू द्या. जपायचं आहे ते ‘डीव्हॅल्युएशन’पासून. तो अवमूल्यनाचा शब्द. 6 जून 1966 रोजी रुपया डॉलरमागे 4.76 वरून 7.50 वर नेला, ते डीव्हॅल्युएशन. मुलाखतीत ‘सत्तेचं डीव्हॅल्युएशन व्हायला हवं’ असं बोलून गेलेली मुलं आहेत. समोरच्यांनी ते राजकीय भाष्य समजून मान डोलावली असेल तर त्यांचं नशीब.

‘सरकारने अधिकार डिव्हॉल्व्ह केले’ बरोबर, की ‘अधिकार डिव्हॉल्व्ह झाले’?

इंग्रजीत दोन्ही चालतं. राज्यव्यवहाराच्या भाषेत देणारा असतो, तो अधिकार खाली सोपवतो, त्यामुळे क्रियापद सकर्मक येतं. कायद्याच्या भाषेत मात्र ते बहुतेक वेळा अकर्मक असतं. मालमत्ता स्वतःच वारसांकडे जाते, कोणी उचलून देत नाही. देणारा तर गेलेला असतो.

भाषांतरात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘हस्तांतरित केली’ असं लिहिलं की वाचणारा विचारतो, कोणी केली, कधी केली, दस्त कुठे आहे? खरेदीखत आणि बक्षीसपत्र ही हस्तांतरणं आहेत, कारण त्यांत माणूस काहीतरी करतो. वारसा हा माणसाने केलेला व्यवहार नसतो, मृत्यूच्या क्षणी कायद्याने घडलेली गोष्ट असते. मराठीत त्यासाठी ‘कडे येणे’, ‘कडे जाणे’, ‘वर पडणे’ ही साधी क्रियापदं आहेत आणि ती कमी पडत नाहीत. हिंदी कायद्यांत ‘न्यागमन’ असा शब्द वापरतात. अचूक आहे, पण कोर्टाबाहेर तो कोणाला कळत नाही.

पुढे ‘ऑन’, ‘अपॉन’, ‘टू’ की ‘इन्टू’?

जबाबदारी किंवा अधिकार माणसावर किंवा संस्थेवर आला तर ‘ऑन’. जरा भारदस्त, कायदेशीर मजकूर असेल तर ‘अपॉन’. मालमत्ता आणि सत्ता यांच्यासाठी ‘टू’सुद्धा चालतं. अवस्था बिघडली तर ‘इन्टू’. म्हणजे ‘द वर्क डिव्हॉल्व्ह्ड ऑन द सेक्रेटरी’ म्हणजे काम सेक्रेटरीच्या गळ्यात पडलं आणि ‘द मीटिंग डिव्हॉल्व्ह्ड इन्टू अ क्वॉरल’ म्हणजे सभेचं भांडण झालं. अर्थ ओळखायला मागे बघू नका, पुढचं शब्दयोगी अव्यय बघा.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. ठाण्यातला फ्लॅट कोणाकडे ‘डिव्हॉल्व्ह’ होतो?

सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याला व्याकरणात काडीचाही रस नसतो. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर.

हिंदू वारसा कायदा 1956 सालचा. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्यातल्या कलम 8 मध्ये हेच क्रियापद आहे: मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची मालमत्ता प्रथम पहिल्या वर्गातल्या वारसांकडे ‘डिव्हॉल्व्ह’ होते. या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे मुख्य. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही येतात. समजा नौपाड्यातला स्वकष्टार्जित फ्लॅट आहे आणि मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि गेलेल्या माणसाची आई आहे. चौघांचे समान चार वाटे. मुलीचं लग्न होऊन ती ऐरोलीला राहते की अमेरिकेत, याने वाटा बदलत नाही. गेलेल्याचे वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत. हे ऐकून लोक हमखास चमकतात. आई आहे, वडील नाहीत.

फ्लॅट आईच्या नावावर असेल तर कलम 15 बघायचं. तिथे पहिल्यांदा मुलगे, मुली आणि पती. मूलबाळ नसेल तर तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नवऱ्याच्या घरच्यांना हे बऱ्याचदा वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा कळतं.

मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू होतो आणि ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा 1925, त्यामुळे वरचे वाटे त्यांना लावू नका. मृत्युपत्र असेल तर स्वकष्टार्जित मालमत्ता त्याप्रमाणे जाते. आणि इथे दिलेली माहिती शब्द समजण्यापुरती आहे, दावा लावायला वकील गाठा.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क आहे का?

आहे. त्याच कायद्यातल्या कलम 6 चं शीर्षकच सहदायकी, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या, मालमत्तेतल्या हिश्श्याच्या ‘डिव्होल्यूशन’बद्दल आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायक, म्हणजे जन्माने हिस्सेदार, केलं, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि तिने लग्नाची ही अट ठेवली नाही. ‘वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते का?’ यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नको, हक्क जन्माने आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना जमिनींचे भाव चढले तेव्हा कागदावर सही करायला बोलावलेल्या बहिणी अचानक सगळ्यांना आठवल्या. हक्कसोड पत्र हा वेगळा विषय आहे. पण एवढं लक्षात घ्या की हक्क सोडायला आधी तो आपल्याकडे आलेला असावा लागतो, आणि तो आला, हे सांगायला कायद्याचा इंग्रजी मजकूर हेच क्रियापद वापरतो.

सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. म्हणजे फ्लॅट माझा ना?

नाही. नॉमिनेशनने मालकी ‘डिव्हॉल्व्ह’ होत नाही, वारसा कायद्याने होते. सोसायटीला कोणाशी तरी व्यवहार करावा लागतो, देखभाल खर्चाचं बिल कोणाच्या तरी नावाने काढावं लागतं, म्हणून नॉमिनी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने हे आणखी स्पष्ट झालं: सभासद वारल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही.

सेक्रेटरींना एक विनंती. ‘फ्लॅट नॉमिनीला ट्रान्सफर झाला’ असं इतिवृत्तात लिहू नका. ‘नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व दिलं’ असं लिहा. दहा वर्षांनी त्याच इतिवृत्ताची झेरॉक्स घेऊन भावंडं कोर्ट नाक्यावर येतात.

परीक्षेत डिव्होल्यूशन, डेलिगेशन आणि डीसेंट्रलायझेशन यांतला फरक विचारतात. कसा लिहायचा?

विकेंद्रीकरण हे मोठं छत्र आहे, बाकीचे प्रकार त्याखाली येतात. आयुक्तांनी आपला सहीचा अधिकार प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना दिला, ते डेलिगेशन, म्हणजे प्रत्यायोजन. अधिकार मुळात आयुक्तांचाच राहतो, उद्या आदेश काढून परत घेतील. मंत्रालयातलं काम सोयीसाठी बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे आलं, ते डीकॉन्सन्ट्रेशन. माणसं सरकारचीच, फक्त कचेरी जवळ आली. डिव्होल्यूशनमध्ये मात्र अधिकार निवडून आलेल्या वेगळ्या संस्थेकडे जातात आणि ती संस्था आपल्या मतदारांना उत्तर देते.

दोन गुणांच्या उत्तराला एवढं पुष्कळ झालं. पंधरा गुणांच्या उत्तराला पुढचा प्रश्न वाचा.

मग ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे अधिकार खरोखर ‘डिव्हॉल्व्ह’ झाले आहेत का?

कागदावर बरेच, प्रत्यक्षात तुकड्यातुकड्याने.

73 वी घटनादुरुस्ती पंचायतींसाठी, 24 एप्रिल 1993 पासून. 74 वी नगरपालिका-महापालिकांसाठी, 1 जून 1993 पासून. अनुच्छेद 243 जी आणि 243 डब्ल्यू यांत ‘डिव्होल्यूशन’ हा शब्द आहे आणि त्यापुढे ‘अपॉन’ आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय, नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18: नगररचना, रस्ते, पूल, पाणीपुरवठा, अग्निशमन, दिवाबत्ती, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानं, जन्ममृत्यू नोंदणी वगैरे. पण या दोन्ही अनुच्छेदांत मुख्य क्रियापदाआधी ‘मे’ आहे. राज्य विधिमंडळ कायद्याने असे अधिकार देऊ ‘शकेल’. ‘शॅल’ असतं तर गेल्या तीस वर्षांतला नागरी कारभार निराळा दिसला असता असं माझं मत आहे.

आता ठाण्याच्या नळाचं पाणी घ्या. पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीतला विषय. तरी शहराला पाणी महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून येतं, स्टेम या पाणी पुरवणाऱ्या कंपनीकडून येतं, एमआयडीसी या औद्योगिक विकास महामंडळाकडून येतं आणि मुंबई महापालिकेकडूनही येतं. कुठे शटडाऊन आहे त्यावर कोणत्या भागाचे नळ कोरडे पडणार ते ठरतं. नवी मुंबईचं नशीब या बाबतीत चांगलं, तिच्याकडे स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे. पण तिथे दुसरा पेच. शहर वसवलं 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने. महापालिका 1 जानेवारी 1992 पासून कामाला लागली. त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक भागाचं नियोजन एमआयडीसीकडे. एका रस्त्याच्या दोन कडांना दोन नियोजन प्राधिकरणं असलेली शहरं आपल्याकडेच सापडायची. खड्ड्याची तक्रार कोणाकडे करायची हे विचारायला गेलात की आधी नकाशा काढतात.

पैशाचंही तसंच. जकात गेली, नवी मुंबईतला उपकर गेला, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. त्यानंतर महापालिकांना राज्याकडून नुकसानभरपाई मिळते. म्हणजे कामं खाली आली आणि कमाईचा मोठा नळ वर गेला. याला डिव्होल्यूशन म्हणायचं की नाही, यावर परीक्षेत मत मांडा, पण उदाहरण आपल्या शहराचं द्या. पुस्तकातलं केरळचं उदाहरण प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं.

सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक येतो. त्यालाही हाच शब्द लावतात?

लावतात, आणि चपखल बसतो. नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. निवडणुका लांबल्या आणि सभागृह, स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे आले. इंग्रजी बातमीत हे ‘डिव्हॉल्व्ह्ड ऑन द अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं येतं. गंमत अशी की राज्यशास्त्रातलं डिव्होल्यूशन म्हणजे लोकांच्या प्रतिनिधींकडे सत्ता जाणं, आणि इथे त्याच क्रियापदाने ती प्रतिनिधींकडून अधिकाऱ्याकडे गेली. क्रियापद दिशेचं सांगतं, लोकशाहीचं सांगत नाही.

स्कॉटलंडच्या बातम्यांत हा शब्द इतका का येतो?

कारण तिथे तो राज्यव्यवस्थेचं नावच झाला आहे. 1979 च्या सार्वमतात होकाराची मतं जास्त पडली, पण एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांची अट होती, ती पुरी झाली नाही. 11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात स्पष्ट कौल मिळाला, 1998 चा स्कॉटलंड कायदा झाला आणि 1999 पासून एडिंबरात संसद बसू लागली. आरोग्य, शिक्षण तिकडे सोपवलेलं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार लंडनने राखून ठेवलेले.

संघराज्याशी याची गल्लत करू नका. संघराज्यात राज्याचे अधिकार घटनेतून येतात, केंद्र साध्या कायद्याने ते काढून घेऊ शकत नाही. डिव्होल्यूशनमध्ये मूळ मालक कायद्याच्या दृष्टीने वरचाच असतो. म्हणूनच उत्तर आयर्लंडची विधानसभा ऑक्टोबर 2002 ते मे 2007 पर्यंत लंडनने स्थगित ठेवली होती.

आपल्या इतिहासात हा शब्द कुठे येतो?

1919 च्या कायद्यात. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली आणि विषयांची विभागणी 1920 च्या ‘डिव्होल्यूशन रूल्स’नी केली. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती भारतीय मंत्र्यांकडे. पोलीस, न्याय, जमीन महसूल ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शाळा काढा, पण पैसा आणि लाठी आमच्याकडे, असा तो मामला. 1937 मध्ये प्रांतांतली ही पद्धत संपली. ‘सोपीव’ हा शब्द मला फार आवडतो. डिव्हॉल्व्ह्डला इतका नेमका आणि छोटा मराठी प्रतिशब्द दुसरा नाही आणि तो आपण पाठ्यपुस्तकात सोडून आलो.

अर्थसंकल्पाच्या वेळी ‘टॅक्स डिव्होल्यूशन’ म्हणतात ते काय?

केंद्राने गोळा केलेल्या करांतला राज्यांचा वाटा. अनुच्छेद 280 नुसार नेमलेला वित्त आयोग तो सुचवतो. चौदाव्या आयोगाने हा वाटा 32 वरून 42 टक्के केला. पंधराव्याने 41 वर आणला, कारण जम्मू-काश्मीर राज्य राहिलं नव्हतं. त्याच्या 41 टक्क्यांत महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के होता, उत्तर प्रदेशचा 17.939. उपकर आणि अधिभार या वाटपाच्या बाहेर असतात, म्हणून राज्यं त्यावर कुरकुरतात. मराठीत ‘करांतला वाटा’ म्हणा. ‘कर हस्तांतरण’ वाचून काही लोकांना आपली घरपट्टी दुसऱ्याच्या नावावर झाल्यासारखं वाटतं.

बँकेने कळवलं की आमची एलसी ‘डिव्हॉल्व्ह’ झाली. घाबरायचं का?

थोडंसं. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे मालाचे पैसे मिळतील अशी तुमच्या बँकेने विक्रेत्याला दिलेली हमी. मुदतीच्या दिवशी तुमच्या खात्यात पैसे नसतील तर बँकेला स्वतःच्या खिशातून भरावे लागतात आणि ती रक्कम तुमच्या नावे कर्ज म्हणून उभी राहते. त्याला डिव्हॉल्व्हमेंट म्हणतात. न्हावाशेव्यातून कच्चा माल उतरवणाऱ्या तुर्भे-महापेच्या कारखानदारांना हे नवं नाही. देणं तुमचं, पडलं बँकेच्या अंगावर, आणि बँक ते व्याजासकट तुमच्याकडून वसूल करणार. एखाद वेळी झालं तर निभावतं. पुन्हा पुन्हा होऊ लागलं की पुढची मर्यादा वाढवून मिळणं अवघड होतं.

रोखे बाजारातही हा शब्द आहे. सरकारी रोख्यांच्या लिलावात पुरेसे ग्राहक आले नाहीत की उरलेले रोखे प्राथमिक विक्रेत्यांना, म्हणजे सरकारी रोख्यांचा व्यापार करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना, घ्यावे लागतात, कारण त्यांनी हमी घेतलेली असते. तेव्हा बातमी येते की रोखे त्यांच्यावर ‘डिव्हॉल्व्ह’ झाले. नाम मात्र बँकेत आणि बाजारात ‘डिव्हॉल्व्हमेंट’, राज्यव्यवहारात आणि वारशात ‘डिव्होल्यूशन’. अदलाबदल करू नका.

या एका शब्दावरून कधी भांडण झालंय का?

झालंय, आणि तेही अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून. त्यांच्या घटनेतल्या दुसऱ्या अनुच्छेदात अशा अर्थाचं वाक्य आहे: अध्यक्ष मरण पावला, राजीनामा दिला, हटवला गेला किंवा ‘त्या पदाचे अधिकार व कर्तव्यं’ पार पाडायला असमर्थ ठरला, तर ‘तेच’ उपाध्यक्षाकडे ‘डिव्हॉल्व्ह’ होईल. आता ‘तेच’ म्हणजे काय? पद, की नुसते अधिकार आणि कर्तव्यं? पद आलं तर तो अध्यक्ष झाला. नुसते अधिकार आले तर तो उपाध्यक्षच राहिला, फक्त अध्यक्षाचं काम बघणारा.

पन्नासेक वर्षं कोणाला प्रश्न पडला नाही, कारण पदावर असताना कोणी गेलं नव्हतं. मग 4 एप्रिल 1841 रोजी विल्यम हेन्री हॅरिसन शपथ घेऊन महिनाभरातच वारले. उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी ठामपणे पूर्ण अर्थ लावला, 6 एप्रिलला अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ‘कार्यवाहक’ म्हणून घ्यायला नकार दिला. विरोधकांनी त्यांना ‘हिज अ‍ॅक्सिडेन्सी’ असं चिडवलं. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी तर आपल्या रोजनिशीत याला घटनेचं उल्लंघन ठरवलं. टायलर बधले नाहीत. पुढे अध्यक्षाच्या मृत्यूनंतर आलेल्या सात उपाध्यक्षांनी त्यांचाच कित्ता गिरवला, शेवटचे 1963 साली लिंडन जॉन्सन. 1967 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीत ‘उपाध्यक्ष अध्यक्ष होईल’ असं सरळ लिहिलं तेव्हा हा प्रश्न कायद्याने मिटला.

आपल्या घटनाकारांनी हे टाळलं. अनुच्छेद 65 म्हणतो की पद रिकामं झालं तर नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून ‘काम करील’. म्हणून 3 मे 1969 रोजी झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक होते, आणि 1977 मध्ये फखरुद्दीन अली अहमद गेल्यावर बी. डी. जत्तीही. गिरींनी स्वतः निवडणूक लढवण्यासाठी 20 जुलै 1969 ला राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी 24 ऑगस्टपर्यंत काम पाहिलं. कोणी ‘मी खरा राष्ट्रपती’ म्हणून वाद घातला नाही. क्रियापद नीट निवडण्याचा फायदा.

‘बिघडणे’ हा अर्थ चुकीचा आहे असं एका सरांनी सांगितलं. खरं का?

नाही. आजच्या शब्दकोशांत तो आहे आणि चांगल्या वर्तमानपत्रांतही छापला जातो. काही जुन्या वळणाच्या लोकांना तो खटकतो, कारण त्यांना ‘डिव्हॉल्व्ह’ फक्त अधिकारांसाठी राखून ठेवायचा असतो. कायदेशीर मसुद्यात त्यांचं ऐका, तिथे दुसरा अर्थ वापरलाच तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. बाकी लिखाणात खुशाल वापरा.

पण तो कुठेही वापरायचा नाही. दूध नासतं, पाव शिळा होतो, लोखंड गंजतं, प्रकृती ढासळते. यातलं काहीच डिव्हॉल्व्ह होत नाही. प्रकृतीला, रस्त्याला, संबंधांना ‘डिटेरिओरेट’. माणसाच्या किंवा समाजाच्या नैतिक घसरणीला ‘डिजनरेट’, त्यात जरा तुच्छतेचा सूर असतो. ‘डिव्हॉल्व्ह’ तिथे, जिथे सुरुवातीला एक रीतसर गोष्ट असते आणि पायरी पायरीने तिचं दुसरंच काहीतरी होतं. पुढे ‘इन्टू’ हवं आणि त्यापुढे कशाचं काय झालं ते हवं.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा याला चांगलं उदाहरण. सप्टेंबरअखेरचा रविवार, दहाची वेळ, गणसंख्या नाही म्हणून अर्धा तास तहकूब. मागचं इतिवृत्त कायम होतं. ताळेबंदापर्यंत सगळे ‘सर’ आणि ‘मॅडम’ असतात. मग रंगकामाचा खर्च निघतो, मग पार्किंग, मग कोणाच्या तरी बाल्कनीतून खाली गळणारं पाणी, मग ‘तुमच्या कुत्र्याचं बोलू का?’ इतिवृत्तात याचं ‘सविस्तर चर्चा झाली’ होतं. इंग्रजीत लिहाल तर ‘द मीटिंग डिव्हॉल्व्ह्ड इन्टू अ शाउटिंग मॅच’ इतकं नेमकं दुसरं वाक्य मिळणार नाही. मराठीत ‘सभेची कुस्ती झाली’ म्हटलं की काम होतं.

मग हा ‘इव्हॉल्व्ह’चा विरुद्धार्थी शब्द झाला का?

बोलीत तसा झाला आहे, जीवशास्त्रात नाही. उत्क्रांतीला वर-खाली अशी दिशाच नसते, त्यामुळे उलटी उत्क्रांती हा शास्त्रीय प्रकार नाही. काळोख्या गुहांत राहणाऱ्या काही माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या जात नाहीसे झाले, सापांचे पाय गेले. त्यांना कोणी जीवशास्त्रज्ञ ‘डिव्हॉल्व्ह झालेले’ म्हणणार नाही, कारण त्या जागी डोळे सांभाळणं हाच तोटा होता. ठाणे खाडीच्या चिखलात ओहोटीला उड्या मारणारे निवटे बघा. मासा असून पाण्याबाहेर फिरतात म्हणून ते बोंबलापेक्षा पुढारलेले ठरत नाहीत, आणि उद्या त्यांचे वंशज पुन्हा पाण्यातच राहायला लागले तर ते मागे गेले असंही होणार नाही. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत हा शब्द लिहू नका. वादात कोणाला टोमणा मारायला चालेल.

मराठी बोलताना ‘डिव्हॉल्व्ह झालं’ म्हणावं का?

बँकेत म्हणावंच लागतं, तिथे सगळ्यांना तेच कळतं. बाकी ठिकाणी गरज नाही. काम ‘अंगावर पडलं’, जबाबदारी ‘गळ्यात आली’, फाइल ‘वर्ग झाली’, खातं ‘सोपवलं’, हिस्सा ‘वारसाने आला’, चर्चा ‘हमरीतुमरीवर आली’. प्रत्येक शब्दात थोडा वेगळा रंग आहे: अंगावर पडलेलं काम नकोसं असतं, सोपवलेल्या कामात विश्वास असतो आणि वर्ग झालेल्या फायलीत कोणालाच काही वाटत नसतं. इंग्रजी क्रियापद यातलं काही सांगत नाही, म्हणून भाषांतर करण्याआधी ज्याच्याकडे ते आलं त्याला विचारा, नाहीतर निदान मागचापुढचा परिच्छेद वाचा.